टीएसएच ६ आला, पण कुणाचा?

रक्तातला टीएसएच ६ आला, एवढ्यावरून काहीच सांगता येत नाही. टीएसएच म्हणजे थायरॉईड ग्रंथीला कामाला लावणारं, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचं हार्मोन; थायरॉईड कमी पडलं की ते वाढतं. दोन दिवसांच्या बाळाचा असेल तर त्यात विशेष काही नाही. दहा आठवड्यांच्या गर्भवतीचा असेल तर त्याच आठवड्यात थायरॉईडची गोळी सुरू करायची का, हे ठरवावं लागतं. तिशीतल्या माणसाला दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगायचं. आणि ऐंशी ओलांडलेल्या आजींना बहुतेक वेळा त्या आकड्यासकट सुखाने राहू द्यायचं. हार्मोन तेच, मशीन तेच, एककही तेच. वय आणि अवस्था बदलली की निदान बदलतं.

हार्मोन आणि चयापचयाच्या विकारांवरचं संशोधन बराच काळ मधल्या वयाच्या माणसाला प्रमाण धरून चाललं. मुलं म्हणजे आकाराने लहान असलेली मोठी माणसं, म्हातारे म्हणजे थोडी झिजलेली मोठी माणसं, असा एक न बोललेला समज त्यामागे होता. अलीकडच्या काळात जे खरोखर उपयोगी हाती लागलं, त्यातलं बरंचसं हा समज मोडूनच लागलं आहे.

आधी रिपोर्टवर आकड्याशेजारी छापलेल्या त्या 'नॉर्मल रेंज'बद्दल. ती ठरवण्याची रूढ रीत अशी: प्रत्येक गटातली किमान १२० निरोगी माणसं घ्यायची, त्यांचे आकडे चढत्या क्रमाने मांडायचे, खालचे अडीच टक्के आणि वरचे अडीच टक्के सोडायचे. उरलेली ९५ टक्के ती रेंज. म्हणजे १०० धडधाकट माणसांतली ५ मुळातच रेंजबाहेर पडणार, कारण व्याख्याच तशी आहे. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एकदम केल्या, तर निरोगी माणसाचा निदान एक आकडा ठळक अक्षरात छापून येण्याची शक्यता ६४ टक्क्यांच्या आसपास जाते. 'संपूर्ण शरीर तपासणी'च्या पॅकेजनंतर इतकी माणसं घाबरून का फिरत असतात, ते यावरून कळावं.

आता हेच १२० चं गणित लहान मुलांना लावून पाहा. पहिला आठवडा, पहिला महिना, सहा महिने, मग वर्षावर्षाचे गट, त्यात मुलगे-मुली वेगळे, वयात येण्याचे पाच टप्पे वेगळे. आणि निरोगी तान्ह्या बाळाला केवळ संशोधनासाठी सुई टोचू द्यायला कुठले आईबाप तयार होतील? म्हणून कितीतरी लॅब मुलांच्या रिपोर्टवर मोठ्यांचीच रेंज छापत राहिल्या. कॅनडातल्या 'कॅलिपर' प्रकल्पाने हजारो निरोगी मुलांचे नमुने गोळा करून हे काम पद्धतशीर केलं. कामाला झगमगाट नाही, पण रोजच्या दवाखान्यात नव्या औषधांच्या कितीतरी चाचण्यांपेक्षा त्याचा उपयोग जास्त आहे.

पहिले काही दिवस

जन्मल्यावर अर्ध्या तासाच्या आत बाळाचा टीएसएच उसळी घेतो, ६० ते ८० पर्यंत जातो. नाळ कापली गेली, उबेतून थंड हवेत आलं, त्याला शरीराने दिलेलं हे उत्तर. पुढच्या दोन-तीन दिवसांत तो उतरतो. टाचेतून रक्त घेऊन जी नवजात तपासणी होते, ती ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान करावी असं म्हणतात ते याचसाठी. बाळबाळंतिणीला दुसऱ्याच दिवशी घरी सोडायचं म्हणून बाराव्या तासाला नमुना घेतला, तर निरोगी बाळही थायरॉईडचं रुग्ण दिसतं.

वाळलेल्या रक्ताच्या ठिपक्यावरून आजार ओळखायची युक्ती रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला फिनाइलकीटोन्युरिया या चयापचयाच्या जन्मजात विकारासाठी रूढ केली. त्याच कागदावर थायरॉईडही तपासता येतं, हे क्वेबेकमध्ये जाँ दुसो यांनी १९७० च्या दशकात करून दाखवलं. जन्मजात थायरॉईड कमी असणं साधारण २००० ते ४००० बाळांत एकाला आढळतं आणि बहुतेकांना जन्मतः काहीही लक्षण नसतं. लक्षणं दिसेपर्यंत थांबलं की मेंदूचं व्हायचं ते नुकसान होऊन बसतं, आणि ते भरून निघत नाही.

ठिपका घ्यायला सोपा वाटतो, पण बिघडतो तो इथेच. टाच आधी कोमट कापडाने तीन-चार मिनिटं शेकायची. टोचायचं ते तळव्याच्या कडेला, आतल्या किंवा बाहेरच्या. मधोमध किंवा मागच्या वळणावर टोचलं तर खाली लगेच हाड असतं. स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचं, नाहीतर रक्त पातळ होतं. पहिला थेंब कापसाने टिपून टाकायचा. दुसरा थेंब मोठा होऊन लोंबायला लागला की कागद त्याला नुसता टेकवायचा, एकाच बाजूने, आणि रक्त पलीकडे झिरपून पूर्ण वर्तुळ भरेपर्यंत हलवायचा नाही. टाच पिळून काढलेल्या रक्तात पेशींमधल्या जागेतलं पाणी मिसळतं. एका वर्तुळावर दोनदा थेंब सोडला तर त्या जागी रक्त दाट बसतं आणि आकडा चढतो. कागद मग आडवा, अधांतरी, खोलीच्याच तापमानाला किमान तीन-चार तास वाळवायचा. उन्हात नाही, हीटरजवळ नाही, एकावर एक ठेवून नाही. ओला कागद पाकिटात गेला की नमुना वाया.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं गणित वेगळं. त्यांची थायरॉईडची यंत्रणा उशिरा जागी होते, त्यामुळे तिसऱ्या दिवशी टीएसएच छान दिसतो आणि दोन आठवड्यांनी चढतो. म्हणून त्यांचा नमुना दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा घेतात. अॅड्रिनल ग्रंथीच्या (ती मूत्रपिंडावर असते) जन्मजात विकारासाठी १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे हार्मोन मोजतात. या बाळांत ते एरवीच वर असतं, म्हणून त्याची सीमा वजन किंवा गर्भाचे आठवडे पाहून ठरवावी लागते. एकच सीमा सगळ्यांना लावली की अतिदक्षता विभागातली बरीच बाळं उगाच संशयित ठरतात.

थायरॉईड कमी असल्याचं निदान पक्कं झालं की लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईड हार्मोनची गोळी, रोज वजनाच्या किलोमागे १० ते १५ मायक्रोग्रॅम, शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांच्या आत सुरू. गोळी कुटून चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात कालवायची आणि लगेच द्यायची. सोयाचं दूध, लोह किंवा कॅल्शियम यांच्याबरोबर दिली तर ती पुरती शोषली जात नाही. आईबाप गोळी इमानेइतबारे देत असतात, टीएसएच मात्र उतरत नाही. मग डोस वाढवण्याआधी गोळी कशात कालवून देता, हे विचारावं.

या वयातली आणखी एक खिडकी पुष्कळांच्या नजरेतून सुटते. जन्मानंतर काही दिवसांनी मुलग्यांत मेंदूकडून वृषणांना चालना मिळते आणि टेस्टोस्टेरॉन एक ते तीन महिन्यांच्या दरम्यान चांगलं वर जातं. सहा महिन्यांपर्यंत सगळं पुन्हा झोपी जातं, ते थेट वयात येताना उठतं. शिश्न अगदी लहान आहे, वृषण उतरलेले नाहीत, अशी शंका असेल तर एलएच, एफएसएच (पिट्युटरीकडून वृषणांना किंवा अंडाशयांना चालना देणारी हार्मोन) आणि टेस्टोस्टेरॉन याच काळात तपासायचं. सहाव्या वर्षी हेच हार्मोन तपासले तर निरोगी मुलाचेही जवळपास शून्य येतात आणि त्यावरून काहीच कळत नाही. खिडकी हुकली की बारा-तेरा वर्षं थांबा.

वय हेच निदानाचं साधन कसं होऊ शकतं, याचं सगळ्यात लखलखीत उदाहरण मात्र मधुमेहाचं. सहा महिन्यांच्या आत सुरू झालेला मधुमेह हा जवळजवळ कधीच नेहमीचा टाइप १ नसतो. २००४ मध्ये कळलं की यातल्या बऱ्याच बाळांत बीटा पेशीच्या, म्हणजे स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच्या, पोटॅशियम मार्गिकेचं जनुक बिघडलेलं असतं. मार्गिका उघडी अडकून राहते, त्यामुळे पेशीत इन्सुलिन असूनही ते बाहेर पडत नाही. सल्फोनिलयुरिया ही जुनी, साधी गोळी नेमकी तीच मार्गिका बंद करते. २००६ च्या एका अभ्यासात असे ४९ रुग्ण घेतले. त्यातल्या ४४ जणांचं इन्सुलिन सुटलं आणि साखर पूर्वीपेक्षा चांगली राहिली. त्यामुळे मधुमेह सहा महिन्यांच्या आत सुरू झालेला असेल, तर आज रुग्ण तीस वर्षांचा असला तरी जनुकीय तपासणी करावी. जुन्या फायलीत सुरुवातीची तारीख शोधायला पाच मिनिटं लागतात.

वयात येताना

यौवनाच्या मधल्या टप्प्यात निरोगी मुलांचीही इन्सुलिन संवेदनशीलता, म्हणजे इन्सुलिनला शरीर किती दाद देतं ते, साधारण ३० टक्क्यांनी घटते. यात वाढीच्या हार्मोनचा मोठा हात असतो, आणि वाढ पूर्ण होताना ती बहुतांशी पूर्ववत होते. तेराव्या वर्षीचं उपाशीपोटीचं इन्सुलिन मोठ्यांच्या रेंजशी ताडून 'इन्सुलिन रेझिस्टन्स'चा शिक्का मारणं म्हणूनच चूक. एवढं ओझं ज्यांच्या बीटा पेशींना पेलत नाही, त्यांना मात्र याच वयात टाइप २ मधुमेह होतो, आणि तो मोठ्यांच्या टाइप २ पेक्षा आडदांड असतो. अमेरिकेतल्या 'टुडे' चाचणीत १० ते १७ वयाची ६९९ मुलं होती. २०१२ मध्ये निकाल आला तेव्हा नुसत्या मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या नेहमीच्या गोळीवर असलेल्या गटात ५१.७ टक्क्यांची साखर ताब्यात राहिली नव्हती. मोठ्यांमध्ये वर्षानुवर्षं चालणारं औषध इथे निम्म्या मुलांना पुरं पडलं नाही.

पीसीओएस, म्हणजे अंडाशयाशी निगडित हार्मोनचा विकार, याची गंमत उलटी आहे. तिथे आजार नसताना नाव चिकटतं. २००३ च्या रॉटरडॅम निकषांनुसार तीनपैकी दोन गोष्टी पुरतात: पाळीची अनियमितता, पुरुषी हार्मोनचा जोर आणि सोनोग्राफीत बीजकोशांनी भरलेलं अंडाशय. हे निकष मोठ्या बायकांसाठीचे. पंधरा-सोळाव्या वर्षी अंडाशय असंच दिसतं, कारण त्या वयात ते असंच असतं. म्हणून पहिली पाळी येऊन आठ वर्षं होईपर्यंत सोनोग्राफीवरून किंवा एएमएच या अंडाशयातल्या बीजकोशांच्या हार्मोनवरून निदान करू नये, असं आताची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. किशोरवयात पाळी आणि पुरुषी हार्मोन या दोन्हींत बिघाड हवा. अनियमित कशाला म्हणायचं, तेही वर्षांवर ठरतं. पहिल्या वर्षात पाळी कशीही आली तरी ते वाढीचाच भाग. एक ते तीन वर्षांत २१ दिवसांहून कमी किंवा ४५ हून जास्त अंतर असेल तर लक्ष द्यायचं, तीन वर्षांनंतर वरची सीमा ३५ दिवस. पहिलं वर्ष उलटल्यावर एखादी पाळी ९० दिवसांपुढे लांबली तर मात्र वाट पाहत बसू नये.

इथे मोजमापाची एक अडचण आहे. बायकांत आणि मुलांत टेस्टोस्टेरॉन इतकं थोडं असतं की लॅबमधल्या नेहमीच्या, प्रतिपिंडांनी हार्मोन पकडणाऱ्या इम्युनोअॅसेला ते धड पकडता येत नाही. हा आकडा मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे रेणूंच्या वजनावरून ओळखणाऱ्या पद्धतीने, काढलेला बरा. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर थांबा, कारण त्या एसएचबीजी हे टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रथिन वाढवतात आणि मुक्त टेस्टोस्टेरॉन दाबतात. गोळ्या सोडून तीन महिने झाल्याशिवाय हा आकडा वाचू नये.

गर्भारपण: साखरेची नळी आणि बर्फ

गर्भारपणातल्या मधुमेहाचं निदान एका तपासणीवर उभं आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज, २५० ते ३०० मिलिलिटर पाण्यात, पाच मिनिटांत पिऊन संपवायचं. त्याआधी ८ ते १४ तास पोट रिकामं. आणि त्याआधीचे तीन दिवस नेहमीसारखं जेवण, रोज किमान १५० ग्रॅम कर्बोदकं पोटात जातील असं. रिपोर्ट चांगला यावा म्हणून आधीचे तीन दिवस भात-पोळी बंद केली तर उलटंच होतं: शरीराला साखर हाताळायची सवय मोडते आणि आकडे चढतात. वेळ मोजायची ती पहिल्या घोटापासून. दोन तास बसून काढायचे, चक्कर मारायला जायचं नाही. उलटी झाली तर तपासणी रद्द, दुसऱ्या दिवशी नव्याने. पावडर पाण्याचा रेणू धरलेली, म्हणजे मोनोहायड्रेट असेल, तर ७५ नव्हे, ८२.५ ग्रॅम घ्यावी लागते. डब्यावर हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि फारसं कुणी वाचत नाही.

खरी चोरी नळीत होते. रक्त काढल्यावरही त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात, खोलीच्या तापमानाला तासाला साधारण ५ ते ७ टक्के. ते थांबावं म्हणून राखाडी टोपणाच्या नळीत सोडियम फ्लोराइड असतं. पण फ्लोराइड ज्या विकराला (एन्झाइमला) अडवतं तो साखर मोडण्याच्या साखळीत बराच खाली आहे. वरच्या पायऱ्या चालूच राहतात आणि पहिला तास-दीड तास साखर घटत जाते. उपाशीपोटीची साखर ९५ होती, नळी दोन तास टेबलावर राहिली, मशीनने ९० दाखवली. सीमा आहे ९२. बाई 'नॉर्मल' म्हणून घरी गेली.

ही ९२ ची सीमा आली कुठून? 'हापो' नावाच्या अभ्यासातून. ९ देशांतली १५ केंद्रं, २३,३१६ गर्भवती, निकाल २००८ मध्ये. त्यात दिसलं की साखर जसजशी वाढते तसतसं बाळाचं वजन, सिझेरियन आणि बाळाच्या नाळेतल्या रक्तातलं इन्सुलिन सरळ रेषेत वाढत जातं. कुठेही 'इथून पुढे धोका' अशी पायरी नाही. मग तज्ज्ञांनी बसून एक रेघ ओढली: सरासरीच्या मानाने धोका पावणेदोन पट होतो तिथे. त्यातून आले ९२, १८० आणि १५३ मिलिग्रॅम. उपाशी, एक तास, दोन तास. तिन्हींपैकी एक ओलांडला तरी निदान. 'हापो'मध्ये नमुने लगेच बर्फात ठेवले जात होते, हे महत्त्वाचं. तिथली सीमा घ्यायची आणि तिथला बर्फ घ्यायचा नाही, असा प्रकार जगभर चालतो. नळी काढल्याबरोबर बर्फ-पाण्याच्या भांड्यात आणि अर्ध्या तासाच्या आत सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवून पेशी वेगळ्या; ते जमत नसेल तर सायट्रेट असलेली नळी वापरावी आणि ती दहा वेळा हळूच उलटीपालटी करावी, नाहीतर तळातले कण विरघळत नाहीत.

रेघ खाली ओढून फायदा किती, हा वाद अजून मिटलेला नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत २३,७९२ गर्भवतींची दोन गटांत सोडत पद्धतीने विभागणी करून तपासलं. वर सांगितलेल्या एका टप्प्याच्या पद्धतीत १६.५ टक्क्यांना मधुमेह ठरला, जुन्या दोन टप्प्यांच्या (आधी चाळणी, मग पूर्ण तपासणी) पद्धतीत ८.५ टक्क्यांना, आई आणि बाळांच्या परिणामांत मात्र ठळक फरक दिसला नाही. मला विचाराल तर कुठली पद्धत वापरता यापेक्षा नळीचं काय करता, हा प्रश्न आधी सोडवावा.

बाळंतपणानंतर ४ ते १२ आठवड्यांत हीच तपासणी पुन्हा करायची असते. तिथे एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, चालत नाही. तो आकडा तांबड्या पेशींच्या आयुष्यावर अवलंबून असतो, आणि गर्भारपण-बाळंतपणात रक्त जातं, नव्या पेशी येतात, आकडा खोटा खाली राहतो. लोह कमी असेल तर तोच खोटा वर जातो. एकाच बाईत दोन्ही गोष्टी असू शकतात. मग तो आकडा कुठल्या बाजूने खोटं बोलतोय हेही सांगता येत नाही.

थायरॉईडचंही गर्भारपणात वेगळं चालतं. एचसीजी हे गर्भारपणातलं हार्मोन थायरॉईडला थेट ढोसतं, त्यामुळे पहिल्या तिमाहीत टीएसएच खाली जातो, आणि एरवी खपून जाणारा ६ इथे जास्तच ठरतो. जी बाई आधीपासून लेव्होथायरॉक्सिन घेते तिची गरज २५ ते ३० टक्क्यांनी वाढते. सोपा हिशेब: पाळी चुकून चाचणी होकारार्थी आली की आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या, आणि लगेच रक्त तपासणी; पुढे गर्भारपणाच्या मध्यापर्यंत दर चार आठवड्यांनी. हे डॉक्टरांशी गर्भ राहण्याआधीच ठरवून ठेवावं, कारण पहिली भेट पुष्कळदा आठव्या-दहाव्या आठवड्यात होते आणि बाळाला आईच्या हार्मोनची निकड असते ती त्याआधीपासून.

गर्भातलं पोषण पुढच्या पन्नास वर्षांचा चयापचय ठरवतं का? या प्रश्नाला हात घालता आला तो एका भीषण घटनेमुळे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्सच्या पश्चिम भागात काही महिने उपासमार झाली. तिला आरंभ होता, शेवट होता आणि जन्माच्या नोंदी नीट ठेवलेल्या होत्या. गर्भारपणाच्या पहिल्या अर्ध्यात उपासमार सोसलेल्या मातांच्या मुलग्यांत १९ व्या वर्षी लठ्ठपणा जास्त आढळला, शेवटच्या तिमाहीत सोसलेल्यांच्या मुलग्यांत कमी. भूक तीच, महिना वेगळा. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या माता-पोषण अभ्यासातही असंच न सुचणारं काही दिसलं: वजनाने कमी भरणाऱ्या बाळांत स्नायू कमी होते, चरबी मात्र त्या मानाने राखलेली होती. वजनकाटा बाळाला रोड म्हणत होता आणि कातडीखालची चरबी मोजणारा चिमटा दुसरंच सांगत होता.

चाळिशीला उगाच बदनाम केलं

'चाळिशी उलटली, मेटाबॉलिझम मंदावला' हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी आहे. २०२१ मध्ये ८ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या माणसापर्यंत ६,४२१ जणांची मोजमापं एकत्र मांडली गेली. शरीराचा आकार आणि चरबीविरहित वजन हिशेबात घेतलं तर वर्षाच्या बाळाचा ऊर्जाखर्च मोठ्यांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी जास्त निघाला. मग विशीपर्यंत तो उतरत गेला, आणि २० ते ६० या काळात जवळजवळ सपाट राहिला. घट साठीनंतर. वयात येतानाही उसळी दिसली नाही, रजोनिवृत्तीच्या वयात बायकांत घसरणही नाही. पोट सुटण्याचं खापर फोडायला दुसरं डोकं शोधावं लागेल: घटलेले स्नायू, झोप, बसकी दिनचर्या.

हे मोजायची पद्धत सुरेख आहे. जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन असलेलं पाणी तोलून प्यायला देतात. हायड्रोजन शरीरातून फक्त पाण्यावाटे जातो, ऑक्सिजन पाण्यावाटे आणि कार्बन डायऑक्साइडवाटेही. एक-दोन आठवडे लघवीचे नमुने घेऊन दोघे किती वेगाने घटतात ते पाहिलं की फरकातून कार्बन डायऑक्साइड कळतो आणि त्यावरून खर्च झालेली ऊर्जा. माणूस आपलं नेहमीचं आयुष्य जगत असतो. बिघडतं ते क्षुल्लक गोष्टींनी: बाटलीच्या तळाशी घोटभर राहिलं, म्हणून बाटली साध्या पाण्याने विसळून तेही पाजतात, बाळाने ओकलं, किंवा मधेच कुणी दूरच्या प्रदेशात गेलं आणि तिथल्या पाण्यात या समस्थानिकांचं मूळ प्रमाणच वेगळं निघालं.

रजोनिवृत्तीच्या बाबतीत वयाकडे दुर्लक्ष केल्याची किंमत फार मोठी पडली. अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह'मधली इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन चाचणी जुलै २००२ मध्ये मुदतीआधी थांबवली गेली. १६,६०८ बायका, वय ५० ते ७९, सरासरी ६३. वर्षाला दर १०,००० बायकांमागे स्तनाच्या कर्करोगाचे ८, हृदयविकाराचे ७ आणि पक्षाघाताचे ८ रुग्ण जास्त. मांडीच्या हाडाचे फ्रॅक्चर ५ ने कमी. बातमी झाली ती 'हार्मोन धोकादायक' अशी, आणि एकावन्नाव्या वर्षी घामाने निथळून रात्री जागणाऱ्या बायकांच्याही गोळ्या बंद झाल्या. पण त्रेसष्टाव्या वर्षी, पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झाल्यावर, धमन्यांत आधीच थर साचलेले असताना हार्मोन सुरू करणं आणि पाळी जाताच सुरू करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१६ च्या 'एलिट' चाचणीत ६४३ बायका मुद्दाम दोन गटांत घेतल्या: पाळी जाऊन सहा वर्षांच्या आतल्या आणि दहा वर्षांच्या पुढच्या. इस्ट्राडिओलने (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) मानेतल्या धमनीचं जाड होणं पहिल्या गटात मंदावलं, दुसऱ्यात नाही. आजचा सर्वसाधारण नियम त्यातूनच येतो: साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत, लक्षणं त्रास देत असतील आणि कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या असा इतिहास नसेल, तर बहुतेकींत फायदा जास्त. चाळिशीच्या आत पाळी गेलेल्यांना मात्र ही आकडेवारी लागूच होत नाही. त्यांच्यात नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन न देणं हाच हाडांना आणि हृदयाला धोका.

पंचेचाळिशीपुढच्या बाईत रजोनिवृत्ती ओळखायला एफएसएच तपासू नये, तो आठवड्याआठवड्याला झोके घेतो. पाळीचं कॅलेंडर जास्त सांगतं.

पुरुषांचं थोडक्यात. टेस्टोस्टेरॉन सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी आणि दोन वेगळ्या दिवशी. तरुणांत दुपारचा आकडा सकाळपेक्षा चांगला पाचव्या हिश्शाने खाली असतो. आजारपणात, अपुऱ्या झोपेत आणखी खाली. २०२३ च्या 'ट्रॅव्हर्स' चाचणीत ४५ ते ८० वयाचे, हृदयविकार असलेले किंवा त्याचा धोका जास्त असलेले पाच हजारांवर पुरुष होते. टेस्टोस्टेरॉनच्या जेलमुळे हृदयविकाराचे झटके वाढले नाहीत, हृदयाची अनियमित धडधड आणि फुप्फुसातल्या गुठळ्या मात्र थोड्या वाढल्या.

याच वयोगटात बायोटिनचा गोंधळ सगळ्यात जास्त दिसतो; केस गळतात म्हणून हे जीवनसत्त्व घेतात. दिवसाची गरज ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास, गोळीत ५ किंवा १० मिलिग्रॅम. कितीतरी मशीन बायोटिनचीच पकड वापरून हार्मोन मोजतात. रक्तात ते भरपूर असलं की टीएसएच खोटा कमी येतो आणि फ्री टी४, म्हणजे थायरॉईडने बनवलेलं हार्मोन, खोटं जास्त. रिपोर्ट हुबेहूब ग्रेव्हज आजाराचा, म्हणजे थायरॉईड अति चालण्याचा, माणूस ठणठणीत. रक्त द्यायच्या दोन-तीन दिवस आधी गोळी बंद ठेवली की आजार 'बरा' होतो.

सत्तरीपुढे

म्हाताऱ्यांवरच्या संशोधनातली मोठी खोच अशी की आज ८० वर्षांचे असलेले आणि आज ३० वर्षांचे असलेले यांची तुलना म्हणजे एकाच माणसाचा ५० वर्षांचा प्रवास नसतो. दोघांचं बालपण वेगळं, मिठातलं आयोडीन वेगळं, आणि ऐंशीपर्यंत पोचलेले हे मुळातच तगलेले. तीच माणसं पुन्हा तपासायला हवीत. ऑस्ट्रेलियातल्या बसलटनमध्ये ते केलं: १३ वर्षांनी त्याच माणसांचा टीएसएच वाढलेला होता, जास्त वयाच्यांत अधिक, आणि फ्री टी४ मात्र होता तिथेच. ग्रंथी थकत असती तर टी४ उतरला असता. म्हणजे मेंदूचा काटाच वयाबरोबर थोडा वर सरकतो.

मग गोळी दिली तर? २०१७ च्या 'ट्रस्ट' चाचणीत ६५ च्या पुढचे ७३७ जण, सरासरी वय ७४, सरासरी टीएसएच ६.४. वर्षाने औषधाच्या गटात तो ३.६३ झाला, खोट्या गोळीच्या गटात ५.४८. थकवा आणि थायरॉईडची लक्षणं यांत दोन्ही गटांत फरक नाही. खोट्या गोळीवरही आकडा जवळपास एकाने उतरला, हे लक्षात ठेवण्याजोगं. एकदाच तपासून गोळी लावली असती तर ते श्रेय गोळीला गेलं असतं. जास्त झालेल्या डोसाचं नुकसान या वयात खरंखुरं असतं: टीएसएच तळाला गेला की हृदयाची लय बिघडते, हाडं ठिसूळ होतात.

साखरेतही तसंच. 'अॅकॉर्ड' चाचणीत १०,२५१ जण होते, सरासरी वय ६२, मधुमेह जुना. एचबीएवनसी ६ च्या खाली आणण्यासाठी जोर लावलेल्या गटात २५७ मृत्यू, नेहमीच्या उपचारात २०३, म्हणून २००८ मध्ये तो भाग थांबवावा लागला. एकटे राहणारे, मूत्रपिंड मंद झालेले, जेवणाची वेळ न पाळता येणारे आजोबा असतील तर ८ च्या आसपासचा आकडाही चालतो. त्यांच्या चिठ्ठीत आधी शोधायचं ते जुनं, लांब पल्ल्याचं सल्फोनिलयुरिया. नवजात बाळाचं इन्सुलिन सोडवणारी तीच गोळी ऐंशीव्या वर्षी पहाटे साखर ५० वर आणून बाथरूममध्ये पाडते.

ऐंशीच्या पुढे टीएसएच ६ आला आणि फ्री टी४ ठीक असेल, तर तीन महिन्यांनी सकाळी पुन्हा तपासावा, मधल्या काळात मोठं आजारपण झालेलं नसताना, आणि थायरॉईडवर परिणाम करणारी अमिओडॅरोन किंवा लिथियम ही औषधं चालू आहेत का ते पाहून. सलग १० च्या वर राहिला तर औषधाचा विचार, तोही १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमपासून. पुढचं रक्त सहा ते आठ आठवड्यांनी. गोळीचं अर्धायुष्य आठवड्याचं असल्याने त्याआधी घेतलेला आकडा स्थिरावलेला नसतो.